गार झालेली खोली

चिखलीत वर्कशॉपच्या गल्ल्या संपून घरांच्या गल्ल्या सुरू होतात, तिथं ज्योतीरामचं घर. खाली स्लॅबच्या दोन खोल्या, आणि बाहेरून लोखंडी जिना चढून गेलं की वर पत्र्याची एक. वरच्या खोलीत त्याची थोरली बहीण दुर्गाबाई राहायची. गल्ली तिला दुर्गाबाई म्हणायची. ज्योतीराम आणि त्याची बायको योगिनी तिला आक्का म्हणायची.

मार्च लागला की त्या खोलीचा तवा व्हायचा. दुपारी पत्रा तडतडायला लागला की भिंतीवरच्या पाली देखील कुठं तरी निघून जायच्या. माठाला ओलं गोणपाट गुंडाळलं तरी पाणी कोमट. दुर्गाबाई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. उन्हानं रेक्झिन मऊ पडून सुईला चिकटायचं, म्हणून तिनं शिलाई मशीनला चाकं लावून घेतली होती. जेवण झालं की मशीन ढकलत जिन्याच्या वरच्या पायरीशी आणायची. तिथं शेजारच्या इमारतीची सावली पडायची. सावली सरकेल तसं मशीन सरकायचं.

तिनं कधी तक्रार केली नाही, कारण ती खोली तिनंच मागून घेतली होती. दुर्गाबाई धाराशिवकडच्या खेड्यातली. लग्न झालं, पण नांदणं नशिबात नव्हतं. माहेरी परत आली तोवर माहेरही उरलं नव्हतं. आईबाप पाठोपाठ गेलेले आणि ज्योतीराम शाळेत जाणारा. त्याचा हात धरून ती भोसरीला आली, कारखान्यात पिशव्यांत बोल्ट भरायच्या कामाला लागली, त्याला आयटीआय करवला. तो चाकणच्या कंपनीत चिकटला तेव्हा दोघांच्या कमाईतून हा जागेचा तुकडा घेतला. नाव कुणाचं लावायचं, असं एजंटनं विचारलं तेव्हा तीच म्हणाली, "त्याचंच लावा. माझ्यामागं कोण हाय?" पुढं ज्योतीरामचं लग्न ठरलं. नव्या जोडप्याला खालचं असू दे म्हणून वर पत्रा टाकून घेतला आणि ती आपली पेटी घेऊन वर गेली. त्याला आता वीस वर्षं होत आली होती.

गेल्या मेमध्ये ती मशीनवरच कोसळली. समोर राहणाऱ्या विमलबाईनं बघितलं म्हणून बरं. ज्योतीरामनं शिफ्ट सोडून येऊन तिला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, रात्रभर उशाशी बसला. सकाळी म्हणाला, "आक्का, तुला काय झालं असतं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं असतं?" तिनं ते वाक्य मनात जपून ठेवलं.

संक्रांत झाली आणि एका रविवारी ज्योतीराम जिना चढून वर आला. तो वर फारसा येत नसे. आला तो सरळ तिच्या पुढ्यात जमिनीवर मांडी घालून बसला, लहानपणी बसायचा तसा.

"आक्का, सरकारची योजना आलीय. जुनी घरं गार करायची. पत्रा काढून पफचं पॅनल देतात, आत फोम भरलेलं, ऊन खाली येत नाही, कारखान्याच्या छपरावर फिरतात ना, तसला व्हेंटिलेटर देतात, समोरासमोर खिडक्या. कमी विजेचा पंखा. आपल्याला थोडंच घालावं लागतं, बाकी सरकार."

"मग कर की. मला कशाला विचारायलास?"

"तुलाच विचारायला पाहिजे. पत्र्याखाली खरंच कुणी राहत असेल, त्यातून बाईमाणूस असेल, त्रास झालेला असेल, तर नंबर आधी लागतो. ते लोक बघायला येतील. तुला सांगावं लागेल."

"काय सांगू?"

"जे हाय तेच. चक्कर आलेली, अंगावर उठतं ते. तुझ्यासाठीच करायलोय मी हे, आक्का. अजून एक उन्हाळा तुला या पत्र्याखाली काढू द्यायचा नाही."

दुर्गाबाईला भरून आलं. तिनं नुसती मान हलवली.

पाहणीला आलेला माणूस तिशीतला होता. धम्मपाल सर म्हणायचे त्याला. त्यानं बंदुकीसारखं एक यंत्र पत्र्याकडं धरून तापमान बघितलं, खोली मापली, आणि मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"मावशी, इथं दुपारी कोण असतं?"

"मीच की."

"त्रास काय होतो?"

दुर्गाबाईला परक्या पुरुषापुढं अंगाचं दुखणं सांगायची सवय नव्हती. तिनं पदर सारखा केला. दारात उभ्या ज्योतीरामनं खूण केली, बोल. मग ती हळूहळू बोलली. पडल्याचं सांगितलं. रात्री झोप येत नाही, पहाटे पत्रा निवतो तेव्हा कुठं डोळा लागतो, ते सांगितलं. ज्योतीराम म्हणाला, "मान दाखव आक्का, मान." तिनं पदर बाजूला करून मानेवर आणि खांद्यावर उठलेल्या घामोळ्यांचे काळे पडलेले डाग दाखवले. धम्मपाल सरांनी नजर खाली घातली आणि म्हणाले, "असू द्या मावशी, राहू द्या." ते गेल्यावर ती बराच वेळ भिंतीकडं तोंड करून बसली होती. योगिनी चहा घेऊन वर आली तेव्हा म्हणाली, "लाज वाटली गं. पण घराचं काम होतंय ना."

योगिनी काहीतरी बोलणार होती. पण कप ठेवून खाली गेली.

नंबर लागला. फेब्रुवारीत पत्रा उतरला आणि काम सुरू झालं. ज्योतीराम शिफ्टला, योगिनी अंगणवाडीत. कामावर देखरेख दुर्गाबाईची. माणसांना चहा, दुपारी पिठलं-भाकरी, सिमेंटवर पाणी मारणं, सगळं तिनं केलं. दुसरी खिडकी कुठं काढायची हे मिस्तरीनं तिलाच विचारलं. ती म्हणाली, "तिकडून वारं येतं संध्याकाळी, तिथं काढा." तोवर ती खाली जिन्याजवळच्या, घरात शिरायच्या बोळात झोपायची, मशीन ताडपत्रीखाली झाकलेलं.

होळीच्या आसपास काम संपलं. एप्रिलच्या पहिल्या कडक दुपारी दुर्गाबाई जेवून खोलीत आडवी झाली, पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिला क्षणभर कळेना, आपण कुठं आहोत. वर पांढरं छत, डोक्यावर आवाज न करणारा पंखा, अंगाला घाम नाही. दिवसाढवळ्या इतकं गाढ झोपल्याचं तिला आठवत नव्हतं. ती धावत जिन्यावर आली आणि समोरच्या विमलबाईला हाक मारली, "अगं ये, बघ तरी, माठातलं पाणी गार झालंय!"

विमलबाई आली, भिंतीला हात लावून बघितला, म्हणाली, "दुर्गाबाई, तुझ्या भावानं पांग फेडले गं."

"फेडले," दुर्गाबाई म्हणाली.

पंधरवडा झाला असेल. ज्योतीराम कामावरून आला, जिन्याच्या खालूनच हाक मारली. "आक्का, जरा काही दिवस खाली झोपशील का? आमच्या कंपनीत नवीन इंजिनिअर आलाय, बायको आहे सोबत. जागा मिळेपर्यंत वर राहतील बिचारे."

"राहू दे की. माणसाला माणूस लागतंच," ती म्हणाली. तिनंच खोली झाडली, आपली पेटी खाली आणली. मशीन ज्योतीराम आणि तो इंजिनिअर, प्रज्वल, दोघांनी धरून उतरवलं. बोळात मशीन लावलं की माणसाला आडवं जावं लागायचं. दुर्गाबाई मशीनच्या पायाशी अंथरूण घालायची. खालच्या स्लॅबनं दिवसभर प्यालेलं ऊन रात्री ओकायला सुरुवात केली की तिला वरची खोली आठवायची. पण काही दिवसांचाच प्रश्न, म्हणून ती कूस बदलायची.

प्रज्वलची बायको हर्षाली जळगावकडची होती. मोकळ्या मनाची. एकटी पडायची म्हणून दुपारी खाली येऊन दुर्गाबाईजवळ बसायची, कव्हराचे धागे कापून द्यायची. एक दिवस धागे कापता कापता म्हणाली, "मावशी, खरं सांगू, आम्हाला इतकी छान खोली मिळेल असं वाटलं नव्हतं. पहिल्यांदा बघायला आलो ना, तेव्हा पत्राच होता. मी यांना म्हटलं, इथं नको. पण दादा म्हणाले, पत्रा बदलून घेतोय, उन्हाळ्याच्या आत एकदम थंड करून देतो. म्हणून आम्ही थांबलो."

दुर्गाबाईचा पाय मशीनवर थांबला. "कधी आला होता बघायला?"

"जानेवारीत. संक्रांतीच्या आधी. तुम्ही गावाला गेला होता ना, ती कुठली अमावस्या असते तुमच्याकडं..."

"वेळा अमावस्या."

"हां, तीच. दादांनी अ‍ॅडव्हान्स पण तेव्हाच घेतला होता." मग तिचं दुर्गाबाईच्या तोंडाकडं लक्ष गेलं. "मावशी? माझं काही चुकलं का?"

"नाही गं पोरी. तुझं काय चुकणार?"

संक्रांतीच्या आधी. म्हणजे ज्योतीराम मांडी घालून पुढ्यात बसला होता, तुझ्यासाठीच करायलोय म्हणाला होता, तेव्हा खोली देऊन झाली होती. आपण धम्मपाल सरांपुढं पदर बाजूला केला, तेव्हाही. दुर्गाबाईनं हातातलं कव्हर पूर्ण शिवलं. दुसरं घेतलं, तेही शिवलं. शिवण वाकडी गेली, उसवली, परत शिवली. योगिनी अंगणवाडीतून आली, तिच्याकडं बघून आत गेली.

संध्याकाळी ज्योतीराम आला. मोरीत पाय धूत होता तिथंच ती जाऊन उभी राहिली.

"ज्योत्या, ते वरचे कधी जाणार?"

"बघू ना. मिळाली जागा की जातील."

"त्यांना जागा मिळालीय. जानेवारीतच मिळालीय."

पाण्याचा तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला. मग त्यानं तो सावकाश खाली ठेवला, टॉवेलनं पाय पुसले. "कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. खोटं हाय का ते?"

"आक्का, ऐक. कंपनीत ओव्हरटाइम बंद झालाय. तेजलचं बारावीनंतर काय करायचं, हे मला एकट्याला बघायचंय. वर एवढी मोठी खोली..." तेजल ही त्याची लेक, दुर्गाबाईच्या मांडीवर वाढलेली. ती आत अभ्यासाला बसली होती. तिचं वाचणं थांबल्याचं दोघांनाही कळलं.

"मला सांगायचं होतंस. मी नाही म्हणले असते का? तेजलसाठी मी बोळात काय, रस्त्यावर झोपले असते."

"मी यांना म्हटलं होतं, आधी सांगा म्हणून," योगिनी दारातून म्हणाली. "दोनदा म्हटलं होतं."

"तू गप बस," ज्योतीराम तिच्यावर खेकसला आणि मग बहिणीकडं वळला. आता त्याचाही आवाज चढला होता. "आधी सांगितलं असतं तर तू त्या सरांपुढं तशी बोलली असतीस का? तुला खोटं बोलता येतं का आक्का? तोंडावर कळलं असतं तुझ्या. मग नंबर लागला असता?"

दुर्गाबाई त्याच्याकडं बघत राहिली. ती भांडायला आली होती. चार शब्द ऐकवायचे, तो दोन ऐकवेल, आणि मग जेवायला बसायचं, असं आजवर झालं होतं. पण तिचा खरेपणा त्यानं हिशेबात धरला होता. तिच्या घामोळ्या, तिची भोवळ, तिची लाज, सगळं त्यानं मोजून वापरलं होतं, आणि ते तिला खरंच वाटावं म्हणून तिलाच अंधारात ठेवलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे, असं तिला वाटलं. ती बोळात जाऊन बसली. त्या रात्री तिनं जेवायला नको म्हटलं आणि कुणी आग्रह केला नाही.

मे महिन्यात तपासणीचा निरोप आला. काम झाल्यावर घरात फरक पडला का, राहणाऱ्या माणसाला काय वाटतं, ते बघायला धम्मपाल सर पुन्हा येणार होते. ठेकेदाराचं उरलेलं बिल अनुदानातून त्यानंतरच निघणार. नाही तर ते घरमालकाच्या गळ्यात. आदल्या दिवशी ज्योतीराम बहिणीजवळ आला. त्या संध्याकाळनंतर दोघं कामापुरतंच बोलत होते.

"आक्का, उद्या तासभर वर बसशील? मशीन मी नेऊन ठेवतो. प्रज्वलला सांगितलंय, ते दोघं बाहेर जातील. फक्त बरं वाटतं म्हणायचं. तेवढंच."

"बरं," ती म्हणाली.

सकाळी मशीन वर गेलं. हर्षालीनं आपल्या साड्या दोरीवरून काढून कपाटात कोंबल्या होत्या, आरशावरची टिकल्यांची पाकिटंसुद्धा काढली होती. जाता जाता ती जिन्यावर थबकली, "मावशी, मला हे आवडत नाहीये," असं पुटपुटली आणि नवऱ्यामागं गेली. दुर्गाबाई मशीनपुढं बसली. बाहेर ऊन पेटलं होतं आणि आत गारवा होता. स्वतः सांगून काढलेल्या खिडकीकडं तिनं बघितलं. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं.

धम्मपाल सर आले. त्यांनी छताकडं यंत्र धरलं आणि आकडा बघून हसले. "मावशी, तुमच्या घराचं आम्ही बाकीच्यांना उदाहरण देतो. आता झोप लागते ना दुपारी?"

ज्योतीराम दारातच उभा होता, पहिल्यासारखाच.

"मला ठाऊक नाही, साहेब," दुर्गाबाई म्हणाली. "मी खाली बोळात झोपते. इथं भाडेकरू राहतात."

"आक्का!"

"तूच म्हणालास ना, मला खोटं बोलता येत नाही."

धम्मपाल सर आधी तिच्याकडं, मग ज्योतीरामकडं बघत राहिले. ज्योतीराम घाईघाईनं सांगायला लागला, तात्पुरतं आहे सर, पाहुणेच आहेत, घरातलंच आहे. त्यांनी हातानं त्याला थांबवलं. मग बराच वेळ ते काही लिहीत राहिले. निघताना जिन्यात दुर्गाबाईला एकटीला गाठून हळू आवाजात म्हणाले, "मावशी, मी हे वर कळवतो. यांचं पुढचं अनुदान थांबेल."

"आणि खोली?"

ते ओशाळले. "योजना छपरासाठी आहे, मावशी. छप्पर तर झालंय. आत कुणी राहायचं ते घरमालक ठरवतो. आम्हाला त्यात काही करता येत नाही."

"मग मला का विचारलं होतं तुम्ही? पहिल्यांदा आला तेव्हा?"

"चुकलंच," एवढं म्हणून ते गेले. पुढं एकदोनदा त्यांनी विमलबाईकडं तिची चौकशी केली म्हणतात.

ठेकेदाराचं बिल ज्योतीरामच्याच अंगावर आलं. त्यामुळं भाडेकरू जाण्याचा प्रश्नच उरला नाही, उलट भाडं वाढलं. गावाकडून चुलत्यांचे फोन आले, सख्ख्या भावाला सरकारी माणसापुढं उघडा पाडलास म्हणून. गल्लीतही कुणी तिच्या बाजूनं, कुणी त्याच्या. "घर बुडवलंस तू, आक्का," ज्योतीराम एकदा सगळ्यांदेखत म्हणाला. दुर्गाबाईनं त्याच आठवड्यात मोशीच्या रस्त्याला एका चाळीत खोली घेतली. विमलबाईच्या ओळखीची होती म्हणून मिळाली. टेम्पोत मशीन चढवताना तेजल येऊन तिच्या कमरेला बिलगली आणि सोडेना. योगिनीनं डब्यात शेंगाची चटणी भरून दिली. ज्योतीराम शिफ्टला जातो असं सांगून निघून गेला होता. त्या दिवशी त्याची सुट्टी होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

नवी खोलीही पत्र्याचीच. उरलेला मे तिथं कसा गेला, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

दिवाळी होऊन गेली आणि प्रज्वलची बदली झाली. एका दुपारी ज्योतीराम मोटरसायकलवरून मोशीला आला. दाढी वाढलेली, डोळे खाली. तिनं त्याला आत घेतलं, स्टुलावर बसवलं, स्टोव्हवर चहा टाकला. तेजल कशी आहे, योगिनीची कंबर दुखायची ती थांबली का, असं विचारत राहिली. तो हो-नाही करत होता.

शेवटी म्हणाला, "आक्का, खोली रिकामी झालीय. चल घरी."

"भाडेकरू बघितला नाहीस?"

"नाही बघितला. तुझ्यासाठी ठेवलीय. तेजल रोज विचारते."

चहा उकळून वर आला तो तिनं पटकन उतरवला. दोन कपांत गाळला. एक त्याच्या हातात देऊन ती खाली चटईवर बसली.

"ज्योत्या, एकदा म्हण. आक्का, मी तुला फसवलं. एवढंच म्हण. मी आत्ता पेटी भरते."

त्यानं कपात बघितलं. क्षणभर तिला वाटलं, म्हणतोय आता. तो म्हणाला असता तर ती खरंच गेली असती, वाटेत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली असती.

"आक्का," तो म्हणाला, "झालं ते झालं. धरून काय बसायचं? घर तुझंच आहे की."

"चहा निवेल," दुर्गाबाई म्हणाली.

त्यानं चहा प्यायला. थोडा वेळ बसला, मोबाइल काढला, परत खिशात ठेवला. मग उठून "येतो" म्हणाला. ती दारापर्यंत गेली, "सावकाश जा, रस्त्याला डंपर असतात," म्हणाली. गाडीचा आवाज नाक्यापलीकडं जाईपर्यंत ती चौकटीला टेकून उभी होती. मग आत येऊन तिनं दोन्ही कप विसळले आणि उपडे घातले.